तीन चुकीची उत्तरं

शिवमूर्ती सरांच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती काढायला ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही, हे नांदेडच्या त्या मेडिकल कॉलेजात शिपायापासून डीनपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. उदगीरकडचा माणूस. आवाज मोठा, मन त्याहून मोठं आणि हट्ट दोन्हींच्या वरताण. त्या वर्षी त्यांनी काढलं, की मेडिसिनच्या प्रिलिमचा पेपर मास्तरांनी काढायचाच नाही. ज्यांना परीक्षा द्यायची आहे त्यांनीच प्रश्न लिहायचे, आणि त्यातले निवडक छापायचे. पोरांना वाटलं, चला, घरचंच कार्य! दोन दिवस होस्टेलात नुसता आनंदीआनंद होता. मग सरांनी अटी सांगितल्या आणि सगळ्यांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली.

प्रश्न पुस्तकातून उचलायचा नाही. वॉर्डात जायचं, जित्याजागत्या पेशंटजवळ बसायचं, त्याचं ऐकून घ्यायचं आणि त्यातून प्रश्न बांधायचा. खाली चार उत्तरं. एक बरोबर, तीन चुकीची, आणि चुकीची अशी पाहिजेत की चांगल्या पोराचाही पाय घसरावा. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक होतं. पण खरी गोम पुढंच होती. प्रत्येक चुकीच्या उत्तराखाली एक ओळ लिहायची : हे उत्तर चूक का?

"बरोबर उत्तर पोपटालासुद्धा पाठ होतं," सर म्हणाले. "चुकीचं का चुकीचं आहे हे ज्याला सांगता येतं तो डॉक्टर. बाकीच्यांनी खुशाल औषधाचं दुकान टाकावं."

हे ऐकून वर्गातल्या बजरंगला घाम फुटला. मुखेड तालुक्यातल्या कोरडवाहू रानातलं पोरगं, फायनलला आलेलं. पहिल्या इंटर्नलला मार्क असे पडले होते की प्रिलिमला उचल खाल्ली नाही तर युनिव्हर्सिटीच्या परीक्षेला बसूच देणार नव्हते. ज्याचा प्रश्न छापला जाईल त्याला मात्र इंटर्नलचे मार्क वाढवून मिळणार होते. तिकडं गावात बाप दगडोबा पारावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवून सांगत होता, "मपला बजरंग आता डॉक्टरच होऊन येतोय बगा." या बापाला काय सांगायचं? बाबा, सहा महिने लांबलं? बजरंगची छाती होत नव्हती. त्याला छापण्याजोगा एक प्रश्न पाहिजे होता, बस.

पुढचं आधीच सांगितलेलं बरं. त्या एका प्रश्नापायी एका बाईचा जीव गेला आणि दुसरीच्या संसारावर गदा आली. आणि बजरंग काही वाईट पोरगा नव्हता हो. वाईट असता तर एवढं दुखलं नसतं.

दोष शोधायचाच तर थोडा लातुरात जाऊन शोधावा लागेल. बारावीनंतर दोन वर्षं बजरंगनं तिथं एका खोलीत चौघांच्यात राहून काढली. तिथं पोरं सकाळी उठतात ती प्रश्न सोडवायला आणि रात्री झोपतात ती प्रश्न सोडवून. त्याच्या शिकवणीतले रामलिंग सर फळ्यावर लांबलचक प्रश्न लिहायचे आणि मग डस्टर घेऊन एकेक शब्द पुसत सुटायचे. "ह्यो कचरा. ह्यो बी कचरा. आता उरलं काय? त्याचं उत्तर द्या!" पोरं तोंडात बोट घालायची. बजरंग या कचरा काढण्यात इतका पटाईत झाला की चार ओळींचा प्रश्न त्याला चार शब्दांचा दिसायचा. त्याच जोरावर त्यानं मेडिकलची सीट काढली. रामलिंग सरांचं काही चुकलं असंही नाही. कागदावरच्या प्रश्नात कचरा असतोच, तो कुणीतरी मुद्दाम टाकलेला असतो. पण दुखणाईत माणसाच्या बोलण्यात कुणी मुद्दाम काही टाकत नाही. हे बजरंगला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानंही कुणाला विचारलं नाही.

त्या सकाळी बायकांच्या वॉर्डात मुंगी शिरायला जागा नव्हती. तापाची साथ चालू होती. खाटा भरून खाली गाद्या टाकल्या होत्या आणि दोन गाद्यांमधून पाय टाकायचा तर नेम धरावा लागत होता. रेसिडेंट वर्षाराणी मॅडम रात्रीची ड्युटी करून तशाच सकाळच्या ड्युटीला उभ्या होत्या. सकाळचा चहासुद्धा त्यांच्या नशिबात नव्हता. तेवढ्यात कंधारकडून पिकअपमध्ये घालून एक पेशंट आणली. यशोदाबाई, धर्माबादकडच्या, पन्नाशीच्या पुढच्या, पोट धरून कण्हणाऱ्या. मॅडमनी नाडी बघितली, बीपी घेतलं, पोट दाबून बघितलं, सलाइन लावायला सांगितलं. आता विचारपूस करणार, तोच पलीकडच्या गादीवरच्या पोरीला फिट आली.

"बजरंग, हिची हिस्ट्री नीट घे आणि मला येऊन सांग," असं म्हणत त्या तिकडं धावल्या.

यशोदाबाईंच्या उशाशी त्यांची सून उभी होती, गीतांजली. पंचविशीची, घाबरलेली, पण बोलायला नीटनेटकी. बजरंगनं विचारलं तसं तिनं सगळं सांगितलं.

"काल मपल्या माहेरी, कंधारकडं, भावाच्या लेकराचं बारसं होतं. सासूबाई माझ्यासंगं आल्या. लई हौसेनं आल्या, बाळाला अंगडं-टोपडं घेऊन. पंगती उठायला उशीर झाला म्हणून मुक्काम केला. पाव्हण्यांनी घर भरलेलं, मग आम्ही बाया ओसरीत खालीच अंथरून झोपलो. पहाटं पहाटं पोट धरून उठल्या. गीते, पोटात कळ यायली म्हणल्या. मग उलट्या सुरू झाल्या."

"आणखी कुणाला त्रास झाला का, पंगतीतल्या?"

"चुलतीला दोनदा जुलाब झाले म्हणं."

बजरंगचे डोळे चमकले. पंगत, पहाटेची कळ, उलट्या, ताप नाही, नात्यातल्या बाईला जुलाब. अरे वा! काही करायची गरजच नव्हती, आयता प्रश्न चालत आला होता. त्याला तो छापलेलासुद्धा दिसायला लागला.

"पण डॉक्टर," गीतांजली म्हणाली, "यांचे डोळे बगा की. उघडंनात. मघापासून मान मागं टाकून बगायल्यात. आन पाणी पाजलं तर गिळवंना, ओठातून बाहेर यायलंय."

बजरंगनं बघितलं. पापण्या अर्ध्यावर आल्या होत्या खऱ्या. पण रात्रीची झोपमोड, वरून उलट्यांनी गळालेलं अंग, डोळे जड होणारच की.

"झोप न्हाई झाली त्यांची, म्हणून," तो म्हणाला.

"झोपेचं वाटत न्हाई हे. मी रोज बगते ना त्यांना. झोप आली की उलट जास्त बोलत्यात. हे येगळंच काहीतरी हाय. तुम्ही मोठ्या डॉक्टरीणबाईंना तेवढं सांगा बरं का."

"हाव हाव, सांगतो."

थोड्या वेळानं मॅडम हात पुसत आल्या. बजरंगनं घडाघडा सांगितलं, "पंगतीतलं जेवण, मॅडम. पहाटेपासून पोटदुखी आणि उलट्या. ताप नाही. एका नातेवाईक बाईला जुलाब."

"आणखी काही?"

आता इथं एक क्षण गेला. पापण्यांचं बजरंगच्या जिभेवर आलं होतं, नाही असं नाही. पण ते त्याच्या प्रश्नात कुठं बसत नव्हतं. पंगतीच्या दुखण्याला पापण्या कशाला पडतील? ते सांगितलं की मॅडम दहा गोष्टी विचारणार आणि इतका देखणा प्रश्न विस्कटणार. त्यानं लपवलं म्हणावं तर तसंही नाही. त्याच्या हिशेबी तो कचरा होता, आणि कचरा काढायचा असतो.

"नाही मॅडम, एवढंच."

मॅडमनी मान हलवली, कागदावर दोन औषधं लिहिली आणि पुढच्या गादीकडं वळल्या. सांगणारा भरवशाचा आणि मागं चाळीस पेशंट ओरडणारे, त्यांनी तरी काय करावं?

बजरंग थेट लायब्ररीत जाऊन बसला. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटत होतं. प्रश्न त्यानं एका बैठकीत लिहिला : अमुक वयाची बाई, आदल्या दिवशी पंगतीत जेवलेली, पहाटेपासून पोटात कळ आणि उलट्या, ताप नाही, निदान काय? बरोबर उत्तर, अन्नातून विषबाधा. चुकीची दोन उत्तरं लगेच सुचली, स्वादुपिंडाची सूज आणि पित्ताशयातला खडा. तिसरं काही सुचेना. साधंसुधं टाकावं तर सर म्हणणार, यावर शेंबडं पोरगंही फसायचं नाही. म्हणून त्यानं पुस्तक उघडलं आणि पोटदुखीची कारणं चाळायला लागला.

चाळता चाळता त्याला मण्यार सापडली. मण्यार सापाचं वागणंच चोरटं. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती रात्री चावते. माणसाला चावल्याचं कळत नाही, अंगावर खूणही दिसत नाही आणि पहाटे पोटात कळ येऊन ते उठतं. बजरंगनं मांडीवर थाप मारली. वा रे पठ्ठ्या! याच्यावर भलेभले घसरतील! त्यानं तिसरं उत्तर लिहिलं, मण्यारचा दंश.

मग खालच्या ओळी. स्वादुपिंड का नाही? कळ पाठीत जात नाही. खडा का नाही? कळ उजवीकडं नाही. मण्यार का नाही? बजरंगनं पुस्तकात बघितलं आणि लिहायला लागला, "कारण पेशंटच्या पापण्या पडलेल्या नाहीत, तिला गिळायला त्रास..."

आणि पेन जागच्या जागी थांबलं.

ओसरीत खालीच अंथरून झोपलो, असं ती सून म्हणाली होती. पापण्यांचं म्हणाली होती. पाणी ओठातून येतंय म्हणाली होती. पुस्तकातली सगळी ओळच्या ओळ त्या बाईनं सकाळी मराठीत सांगितली होती, आणि यानं ती पुसून टाकली होती.

धावायला पाहिजे होतं. एवढं कळायला डॉक्टर असावं लागत नाही. पण बजरंग धावला नाही, बसून राहिला. का? तर त्याच्या डोळ्यापुढं मॅडम उभ्या राहिल्या. 'आणखी काही?' असं विचारणाऱ्या. आता जाऊन सांगायचं म्हणजे, सून सकाळीच बोलली होती आणि मीच गिळून बसलो, असं सांगायचं. मॅडमकडून ते सरांकडं जाणार. सर वॉर्डातून हाकलून देणार. इंटर्नल गेलं, परीक्षा गेली, बापाची पारावरची बैठक गेली. त्यानं स्वतःची समजूत घातली, की अरे, झोपेनंही पापण्या जड होतात, आधी गुपचूप जाऊन बघून तरी येऊ. काही नसलं तर बोंब मारायची गरजच नाही. वाटेत घशाला कोरड पडली म्हणून तो कूलरवर थांबून पाणी प्यायला. माणसाच्या भित्रेपणाला काही सुमार असतो का? एक बाई श्वासासाठी झगडत होती आणि हा पाणी पीत होता.

तो वॉर्डात पोचेतो दुपार झाली होती. यशोदाबाई शांत पडल्या होत्या. गीतांजली खाटेला टेकून बसली होती. त्याला बघून ती हसली.

"उलट्या थांबल्या, डॉक्टर. कण्हायच्या बी थांबल्यात. मॅडमना सांगितलं नव्हं?"

बजरंग वाकला. "यशोदाबाई, वर बघा. वर बघा जरा." कपाळाला आठ्या पडल्या, भुवया वर ओढल्या गेल्या, पण पापण्या हलल्या नाहीत. "मान उचला." मानेची शीर तटतटली आणि डोकं उशीवरून हललं नाही. बाईला सगळं ऐकू येत होतं, कळत होतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात वर येत नव्हता. श्वास छातीत उतरतच नव्हता, नुसता गळ्याशी धुगधुगत होता.

तेव्हा कुठं बजरंग ओरडला.

वर्षाराणी मॅडम गाद्या ओलांडत आल्या. एकदा पापणी उचलून बघितली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "देवा! मण्यार हाय ही! सिस्टर, अँटीव्हेनम आणा, पळा! बजरंग, हे कधीपासून आहे?"

"आत्ता, मॅडम," बजरंग म्हणाला. "सून आत्ताच बोलली."

डोक्याच्या आधी तोंड बोलून गेलं. गीतांजलीला मागं ढकलून सगळे खाटेभोवती जमले होते, तिच्या कानावर यातलं काही पडलं नाही.

मग जे करायचं ते सगळं झालं. सापाच्या विषावरचं औषध दिलं, घशात नळी घातली, हवेची पिशवी दाबत दाबत आयसीयूत नेलं. नेताना वाटेत यशोदाबाईंचं हृदय थांबलं. मॅडमनी छाती दाबून दाबून ते परत चालू केलं, पण तोवर मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. शिवमूर्ती सर स्वतः उशाशी बसून राहिले. धर्माबादहून यशोदाबाईंचा लेक शेषेराव आला. आईच्या तळपायाला हात लावून उभा राहिला आणि 'माय, माय' अशा हाका मारत राहिला. दोन-तीन दिवस मशिनीवर काढून बाई गेल्या. वेळेवर कळलं असतं तर मण्यार चावलेलं माणूस चालत घरी जातं, हे सर दरवर्षी वर्गात सांगत.

शेषेरावनं विचारलं, "मॅडम, मपली माय वाचली असती का?"

वर्षाराणी मॅडम थकून गेल्या होत्या, पण खोटं बोलणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांना जे माहीत होतं ते त्यांनी सांगितलं. "वाचल्या असत्या, दादा. डोळ्यांचं नातेवाइकांनी सकाळीच सांगितलं असतं तर नक्की वाचल्या असत्या."

शेषेरावनं मान वळवून बायकोकडं बघितलं.

इकडं कॉलेजात काय झालं ते ऐका. लायब्ररीतल्या त्या ओळीचं बजरंगनं शिवमूर्ती सरांना सांगितलं होतं, मधलं सगळं गाळून. सरांनी भरल्या वर्गात त्याला उभं केलं. "या पोराकडं बघा! चुकीच्या उत्तराखालची ओळ लिहिता लिहिता याला निदान सापडलं, आणि हा लिहिणं टाकून पेशंटकडं गेला. बाई गेली, आपलं दुर्दैव. पण डॉक्टर असा तयार होतो." पोरांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी त्याला जवळ बसवून प्रश्न दुरुस्त करून घेतला. पापण्यांचं घाल, गिळण्याचं घाल, ओसरीत झोपल्याचं घाल, म्हणाले. आता मण्यार हे बरोबर उत्तर झालं आणि अन्नातून विषबाधा चुकीचं. प्रश्न प्रिलिमला छापून आला. सगळ्या वर्गाला तो बरोबर आला. बजरंगचे इंटर्नलचे मार्क वाढले आणि परीक्षेचा फॉर्म भरला गेला. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही, पण दुसऱ्या दिवशी गेलं. माणसाचं असंच असतं.

पेपर होऊन काही दिवस गेले असतील. शिपाई बजरंगला शोधत होस्टेलवर आला, सरांनी केबिनमध्ये बोलावलंय म्हणून. आत गेला तर खुर्चीत सर, बाजूला वर्षाराणी मॅडम उभ्या, दाराला टेकून शेषेराव, डोकं बोडकं केलेलं, केस नुकते फुटलेले. आणि टेबलासमोर गीतांजली. तिच्यामागं तिचा बाप अर्जुनराव, टोपी हातात धरून.

"ये बजरंग," सर म्हणाले. "हे लोक फार परेशान आहेत रे. दिवसकार्य झाल्यावर शेषेरावांनी यांना माहेरी नेऊन सोडलंय. त्यांचं म्हणणं, आईला हिच्या माहेरच्या ओसरीत साप चावला आणि हिच्या गप्प बसण्यानं ती गेली. ही म्हणते, मी सकाळीच सांगितलं होतं. आता हिस्ट्री तू घेतलीस. तूच सांग काय ते. घाबरायचं काही कारण नाही, तू तर त्या बाईसाठी जिवाचं रान केलेला पोरगा."

अर्जुनराव पुढं झाले. "डॉक्टर साहेब, पाया पडतो. मपली लेक दोन महिन्यांची गरवार हाय. ह्यो मपला जावई म्हणायलाय, डॉक्टर म्हणले की तिनं सांगितलं होतं, तर आत्ता ह्याच पावली संगं घरी घेऊन जातो. आम्हाला दुसरं काई नको."

"हाव," शेषेराव दारातून म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "माझं वैर न्हाई हिच्याशी. पर मपली माय गेली हो. मला एवढं कळू द्या."

गीतांजलीनं बजरंगकडं बघितलं. पार खंगली होती. "डॉक्टर, तुम्हाला सकाळीच म्हणले होते ना मी? डोळे उघडंनात म्हणून? मोठ्या डॉक्टरीणबाईंना सांगा म्हणले, आन तुम्ही हाव म्हणलात."

बजरंगला ती सकाळ लख्ख आठवत होती. तिचा पदर, पाण्याचा ग्लास, यशोदाबाईंच्या हनुवटीवरून ओघळलेलं पाणी, सगळं. सांगितलं होतं, एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. त्यानं मॅडमकडं बघितलं. त्या डोळ्याची पापणी न लववता त्याच्याकडं बघत होत्या, त्यांनाही ऐकायचं होतं. त्यानं सरांकडं बघितलं. सरांच्या चेहऱ्यावर केवढा भरवसा होता! तो भरवसा मोडायचा म्हणजे सगळंच मोडायचं. टाळ्या, मार्क, परीक्षा, दगडोबाचा पार. त्याला वाटलं, बोलावं, आत्ता बोलावं, होऊ दे काय व्हायचं ते. त्यानं तोंडही उघडलं.

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी तुम्ही लई घाबरलेल्या होतात. सकाळी तुम्ही पंगतीचं सांगितलंत, उलट्यांचं सांगितलंत. डोळ्यांचं दुपारी बोललात. मी लगेच मॅडमना हाक मारली."

शेषेरावनं डोळे मिटले.

"न्हाई न्हाई न्हाई!" अर्जुनराव एकदम पेटले. "मपली लेक खोटं बोलायची न्हाई साहेब! लहानपणापासून बगतोय मी तिला! तुम्ही नीट आठवा. नीट आठवा की जरा!"

"आजोबा, बसा," सर हळू आवाजात म्हणाले. "कुणी खोटं बोलतंय असं नाही. अशा वेळी माणसाच्या लक्षात राहत नाही. सांगायचं मनात येतं आणि वाटतं की सांगितलं. आम्ही रोज बघतो हे."

गीतांजली बजरंगकडं बघतच होती. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं, बजरंगला तो सोसता आला असता. विहिरीत पडलेलं भांडं वरून वाकून शोधावं, तशी ती त्याच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत होती. हळूहळू तिचे खांदे उतरले.

"राहू द्या, आबा," ती म्हणाली.

"अगं पण तूच सांगितलंस ना मला..."

"डॉक्टर कशाला खोटं बोलतील, आबा? त्यांचं काय अडलंय? सासूबाईंसाठी त्यांनीच तर धाव घेतली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझ्याच डोक्यात घोळ झाला असंल. मनात बोलले असंल मी, आन वाटलं तोंडानं बोलले."

मग ती नवऱ्याकडं वळली. "चुकलं बगा माझं," ती म्हणाली. "मायला मीच मारलं तुमच्या."

शेषेराव दार उघडून जिना उतरून एकटाच निघून गेला. अर्जुनराव त्याच्यामागं चार पावलं धावले, पाव्हणं, ओ पाव्हणं, म्हणत, आणि मग परत येऊन लेकीचा दंड धरून उभे राहिले. गीतांजलीनं सरांना नमस्कार केला, मॅडमना केला, बजरंगलाही हात जोडले, आणि बापासंगं कंधारची गाडी धरायला स्टँडकडं निघाली.